पंचिंग बॅगचा भार : छतावर किती, हातावर किती?

कोल्हापुरात व्यायाम म्हटला की आधी तालीम आठवते. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ही नावे कुस्ती न खेळणाऱ्यालाही पाठ असतात. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये उभे राहिलेले खासबाग मैदान आणि राजाराम कॉलेजात शिकून १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक जिंकणारे खाशाबा जाधव हा या शहराचा अभिमान आहे. मुष्टियुद्धाची परंपरा इथे त्या मानाने लहान. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लष्करात असताना मुष्टियुद्ध खेळले, पण त्यांचे नाव झाले ते १९७२ च्या पॅरालिंपिकमधील जलतरणाच्या सुवर्णपदकामुळे.

आता चित्र थोडे बदलते आहे. विजेंदर सिंग, मेरी कोम, लवलिना बोर्गोहेन यांची ऑलिंपिक पदके घराघरांत दूरचित्रवाणीवर पाहिली गेली. कराटे, किकबॉक्सिंग शिकणारी मुले-मुली वाढली. जिमला जायला वेळ नाही, पण घरी अर्धा तास घाम गाळता आला तर हवा, असे म्हणणारे नोकरदारही वाढले. मग बंगल्याच्या गॅरेजमध्ये किंवा पोर्चमध्ये एक लांबट, जड पंचिंग बॅग टांगली जाते.

बॅग विकत आणणे सोपे आहे. ती कशाला टांगायची, हा प्रश्न मात्र बहुतेक घरी ड्रिल मशिन हातात आल्यावरच पडतो. समोर पंख्याचे हूक दिसते, पत्र्याच्या शेडचा पाईप दिसतो, नाहीतर स्लॅबला भोक पाडून एक हूक बसवले जाते. बॅग लटकते, चार दिवस काही होत नाही आणि काम झाले असे वाटते. खरी परीक्षा मात्र चार दिवसांची नसते. बॅगेवर मारलेला ठोसा नाहीसा होत नाही. त्याचा काही भाग बॅगेच्या भरावात जिरतो, काही साखळीतून छताकडे जातो आणि तितकाच उलटा धक्का मनगटातून खांद्याकडे येतो. ही दोन्ही टोके तयार नसतील, तर जे कमकुवत असेल ते आधी निकामी होते.

चाळीस किलोची बॅग किती किलोची?

बॅग शांत लटकत असताना हिशेब सरळ आहे. ४० किलोची बॅग हुकाला ४० किलोनेच ओढते. ती झोके घेऊ लागली की हा आकडा बदलतो. झोक्याच्या सर्वांत खालच्या बिंदूला बॅगेचा वेग सर्वाधिक असतो आणि तिला वर्तुळाकार मार्गावर धरून ठेवण्यासाठी साखळीला जास्तीचा जोर लावावा लागतो. बॅग ३० अंशांपर्यंत झुलली तर खालच्या बिंदूला हुकावर सुमारे ५१ किलोचा ओढा येतो. ४५ अंशांना तो सुमारे ६३ किलो होतो आणि ६० अंशांना बरोबर दुप्पट, म्हणजे ८० किलो.

एका ठोशाने बॅग इतकी झुलते का? सहसा नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑलिंपिक पातळीवरच्या मुष्टियोद्ध्यांचे ठोसे मोजले होते. हाताचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर आणि ठोशाचा जोर सरासरी ३,४०० न्यूटन, म्हणजे साधारण ३५० किलो वजनाइतका भरला. आकडा मोठा आहे, पण तो जोर आडवा असतो आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास टिकतो. तेवढ्यात जड बॅग जेमतेम हलायला लागते. असा ठोसा ४० किलोच्या बॅगेला साधारण १० अंश झुलवेल. २० किलोच्या बॅगेला तोच ठोसा साधारण २० अंश झुलवेल. जड बॅग कमी झुलते ती याच कारणाने. झोक्याला लागणारा वेळ मात्र वजनावर अवलंबून नसतो, टांगण्याच्या लांबीवर असतो. लंबकाच्या घड्याळाचे हेच तत्त्व.

मग छताला धोका कशाचा? तीन गोष्टींचा. पहिली, हिसका. खालून वर मारलेल्या ठोशाने किंवा लाथेने बॅग वर उचलली जाते, साखळी क्षणभर सैल पडते आणि बॅग परत खाली येऊन साखळीला ताणते. ४० किलोची बॅग ५ सेंटिमीटर वरून पडली आणि साखळीने तिला १ सेंटिमीटरच्या आत थांबवले, तर त्या क्षणी सरासरी २४० किलोचा ओढा बसतो. मध्ये चांगली स्प्रिंग असेल आणि बॅग ५ सेंटिमीटरमध्ये हळूहळू थांबली, तर तोच सरासरी ओढा ८० किलोवर येतो. शे-दोनशे रुपयांसाठी स्प्रिंग वगळणे महागात पडते ते असे.

दुसरी गोष्ट, संख्या. मिनिटाला ४० ठोसे, तीन मिनिटांच्या सहा फेऱ्या आणि आठवड्यातून चार दिवस एवढा सराव धरला तरी वर्षाला जवळपास दीड लाख ठोसे होतात. तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. धातूचा हा थकवा शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. एका ठोशाला सहज पेलणारा बोल्ट लाखाव्या ठोशापर्यंत ढिला होऊ शकतो.

तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे मुले. लटकणारी वस्तू दिसली की मुले तिला मिठी मारून झोके घेणारच. ४० किलोच्या बॅगेला ३० किलोचे मूल लटकले आणि दोघे ६० अंशांपर्यंत झुलले, तर हुकावर १४० किलोचा ओढा येतो. हूक निखळले तर बॅग रिकाम्या फरशीवर पडत नाही, त्या मुलासह पडते. म्हणूनच हूक ठरवताना बॅगेचे वजन पाहायचे नाही, त्याच्या निदान चार-पाच पट भार पेलेल असेच ते घ्यायचे.

झोपाळ्याचे हूक, पंख्याचे हूक

आपल्याकडे छताला जड वस्तू टांगण्याचा अनुभव जुना आहे. वाड्यातल्या तुळईला पितळी कड्यांचा झोपाळा टांगला जाई. पुढे स्लॅबची घरे आली, तेव्हा स्लॅब ओतण्याआधीच जाड सळईचे हूक आतल्या सळयांवर अडकवून ठेवण्याची पद्धत पडली. घर बांधताना मिस्त्रींना 'झोपाळ्याचे हूक सोडा' असे आवर्जून सांगितले जाते. हे हूक विश्वासाचे असते, कारण त्याचा भार केवळ काँक्रीटच्या पकडीवर नसतो. तो आतल्या लोखंडी जाळीवर वाटला जातो. ज्यांचे घर अजून बांधून व्हायचे आहे, त्यांनी गॅरेजच्या स्लॅबमध्ये असे एक हूक आधीच सोडून घेतले तर पुढचे सगळे प्रश्न मिटतात.

तरी दोन फरक लक्षात घ्यावेत. झोपाळ्यावर तीन-चार माणसे बसली तरी भार चार हुकांवर वाटला जातो आणि झोके शांत असतात. बॅगेचा सगळा भार आणि हिसका एकाच हुकावर येतो. शिवाय वर्षानुवर्षे झोपाळा वापरला असेल तर हुकाला आतून खाच पडलेली असते. बोट फिरवून ती तपासावी. खाच खोल असेल किंवा गंजाचे पापुद्रे निघत असतील, तर त्या हुकावर भरवसा ठेवू नये.

झोपाळ्याच्या दोन हुकांना साखळ्या लावून मधोमध बॅग टांगायची युक्तीही काही जण करतात. दोन साखळ्यांमधला कोन ६० अंशांचा असेल तर प्रत्येक साखळीवर ४० पैकी सुमारे २३ किलो येतात. हूक लांब आणि छत बुटके असले की साखळ्या पसरट होतात. कोन १२० अंशांचा झाला की दोन्ही साखळ्यांवर पूर्ण ४०-४० किलोचा ओढा येतो, तोही तिरका. दोन हूक वापरून एकाचाही भार कमी झालेला नसतो.

पंख्याचे हूक तर विसरूनच जावे. छताचा पंखा साधारण तीन ते पाच किलोचा असतो आणि तो जागच्या जागी फिरतो. त्याचे हूक तेवढ्यासाठीच असते. शेजारी विजेच्या तारा असतात, हा धोका वेगळाच.

स्लॅबला भोक पाडण्याआधी

राहत्या घराच्या स्लॅबचा आराखडा करताना माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरला जातो. त्यामुळे ४० किलोच्या बॅगेने धडधाकट स्लॅब कोसळेल ही भीती अनाठायी आहे. प्रश्न स्लॅबचा नसतो, हूक ज्या चार इंचांत बसवले आहे त्या जागेचा असतो. काँक्रीट दाबाला भक्कम असते, पण ताणाला कच्चे. ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या साधारण एकदशांश. म्हणून तर त्यात सळया घालतात. स्लॅबच्या खालच्या बाजूला, विशेषतः खोलीच्या मध्यभागी, काँक्रीट आधीच ताणलेले असते आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. नेमक्या तिथेच भोक पाडून खाली ओढणारे हूक बसवायचे, म्हणजे कच्च्या बाजूवर सगळा भार टाकायचा.

चित्रे आणि घड्याळे लावायला वापरतात ती प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू इथे पूर्णपणे वर्ज्य. किमान अँकर फास्टनर हवेत, तेही एक नव्हे; जाड पोलादी पट्टीला चार कोपऱ्यांत चार. अँकर उपटून येतो तेव्हा काँक्रीटचा शंकूसारखा तुकडा घेऊन येतो. अँकर दुप्पट खोल गेला तर त्याची पकड जवळपास पावणेतीन पट होते. ही खोली प्लास्टर सोडून मोजायची. प्लास्टर काहीही पेलत नाही. अँकर एकमेकांना खेटून बसवले तर त्यांचे शंकू एकमेकांत घुसतात आणि चारांची ताकद दोघांइतकी उरते. म्हणून दोन अँकरमधले अंतर खोलीच्या तिपटीइतके ठेवणे चांगले.

त्याहून चांगला उपाय बीमचा आहे. बीमला खालून भोक पाडू नये, कारण मुख्य सळया तिथेच असतात. यू आकाराची पोलादी पट्टी खालून चढवून बीमच्या दोन्ही बाजूंना, उंचीच्या मध्याजवळ, आरपार बोल्ट घालावेत. मग बोल्ट उपटण्याचा प्रश्नच उरत नाही; त्यांच्यावर फक्त आडवा भार येतो आणि तो पेलणे त्यांना सोपे जाते.

जुन्या घरांत आधी छत वाचावे लागते. सळयांच्या रेषेत गेलेल्या चिरा, तपकिरी ओघळ, फुगलेले प्लास्टर आणि हातोडीने हलके ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज ही सळया गंजल्याची चिन्हे आहेत. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडतो. कोल्हापूरच्या पावसात गळलेल्या गच्च्यांखाली हे हमखास दिसते. अशा छताला बॅग टांगायची नाही. आधी अभियंत्याला दाखवायचे.

अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आणखी दोन गोष्टी येतात. तिथला स्लॅब म्हणजे वरच्या बिऱ्हाडाची फरशी असते. ठोशांचा धमधम आवाज थेट त्यांच्या घरात जातो. आणि काही नव्या इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात. ड्रिलने अशी केबल तुटली तर इजा आणि इमारतीचे नुकसान दोन्ही होते. सोसायटीची लेखी परवानगी आणि नकाशा पाहिल्याशिवाय भोक पाडू नये. विजेचे पाईपही स्लॅबमधूनच गेलेले असतात, हेही ध्यानात ठेवावे.

पत्रा, कौल आणि भिंत

पत्र्याच्या शेडची कैची पत्र्यांचे वजन आणि वारा एवढेच धरून बनवलेली असते. तिचे पाईप पातळ असतात. पाईपच्या मधोमध बॅग टांगली तर तो वाकतो आणि वरचे पत्रे हलू लागतात. पहिल्या वळवाच्या पावसात ते कळते. टांगायचेच असेल तर जिथे पाईप एकमेकांना जोडले आहेत त्या सांध्यावर, तेही फॅब्रिकेटरने पाहून मजबुती दिल्यावर. कौलारू घरात वाशाला बॅग कधीही टांगू नये. तुळई जाड आणि निरोगी असेल, वाळवी किंवा भुंग्याने पोखरलेली नसेल, तर तिच्याभोवती रुंद पट्टा गुंडाळून भार द्यावा. खालून स्क्रूचे हूक पिळणे टाळावे.

भिंतीला लावायच्या ब्रॅकेटमध्ये तरफेचा नियम लागू होतो. बॅग भिंतीपासून ६० सेंटिमीटर पुढे असेल आणि ब्रॅकेटचे वरचे-खालचे बोल्ट ३० सेंटिमीटर अंतरावर असतील, तर ४० किलोची शांत लटकणारी बॅगही वरच्या बोल्टांना ८० किलोने बाहेर खेचते. नऊ इंची विटांच्या भिंतीत आरपार बोल्ट घालून पलीकडे पट्टी लावली तर हे जमते. साडेचार इंची पडदीला, पोकळ ब्लॉकला किंवा मऊ जांभ्याच्या भिंतीला ते झेपत नाही.

यातले काहीच जमत नसेल, तर छताला हात न लावता स्वतंत्र लोखंडी चौकट करून घेणे शहाणपणाचे. शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनची कामे करणाऱ्यांची वाण नाही. पायांचा पसारा रुंद ठेवला, ते फरशीला बोल्टने आवळले किंवा त्यांवर वाळूची पोती टाकली, की बॅग खुशाल झुलू दे. जागा थोडी जास्त जाते, पण घर अबाधित राहते.

साखळी आणि जोड याबाबत एकच सूत्र : सगळ्यांत कमजोर कडी तीच साऱ्या जोडणीची ताकद. उघड्या एस हुकाऐवजी पिन आवळून बंद होणारे शॅकल वापरावे. गोल फिरणारा जोड असला की साखळीला पीळ बसत नाही. आणि मुख्य जोड तुटलाच तर बॅग अधांतरी धरून ठेवेल अशी दुसरी सैल साखळी किंवा पट्टा वेगळ्या बोल्टला बांधून ठेवावा. बॅगेभोवती सगळीकडून चार फूट मोकळी जागा हवी. गाडीची काच, मोटारसायकल आणि उघडी बल्बची होल्डर त्या घेऱ्यात नकोत.

भराव कसला?

घरी बॅग भरणारे बरेच जण वाळू ओततात. वाळू काही दिवसांत खाली बसते, तळ दगडासारखा होतो आणि वरचा भाग पोकळ. खाली लाथ किंवा ठोसा बसला की हाडाला मार लागतो. कापडाच्या चिंध्यांचा भराव सर्वांत बरा. इचलकरंजीसारखे यंत्रमागाचे शहर शेजारी असताना चिंध्यांना तोटा नाही. फक्त त्यांतली बटणे, चेन काढून टाकावी. चिंध्या थोड्या थोड्या घालून, प्रत्येक थर दाबत भराव्यात. वजन मारणाऱ्याच्या वजनाच्या साधारण निम्मे असावे हा प्रचलित अंदाज पुरेसा आहे. पावसाळ्यात पोर्चमध्ये झड येत असेल तर बॅग काढून ठेवावी. भिजलेल्या भरावाने वजन वाढते, आत बुरशी धरते आणि श्वासाचा त्रास असणाऱ्यांना ती बाधते.

गॅरेजमधली हवा

जोरदार व्यायामात माणूस विश्रांतीच्या तुलनेत आठ-दहा पट हवा आत घेतो. गॅरेजमध्ये ही हवा कसली आहे हे म्हणूनच महत्त्वाचे. गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद शटरच्या आत थोडा वेळ चालू ठेवलेले इंजिनही जीवघेणे ठरू शकते. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे ही सुरुवातीची लक्षणे व्यायामाच्या थकव्यासारखीच वाटतात, त्यामुळे दुर्लक्ष होते. गाडी बाहेर काढल्यावर लगेच बॅगेला भिडू नये. शटर पूर्ण उघडून हवा खेळती झाल्यावरच सुरुवात करावी. पेट्रोलचे कॅन, रंग, थिनर तिथे ठेवू नयेत.

दुसरे टोक : हात

छत मजबूत झाले की सगळा प्रश्न हातावर येतो. न्यूटनचा तिसरा नियम इथे अंगावर शिकायला मिळतो : बॅगेवर जेवढा जोर, तेवढाच हातावर. मुठीतल्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मागची हाडे मनगटाशी सरळ रेषेत असतात, म्हणून ठोसा त्या दोन पेरांवर बसायला हवा. शिकाऊ माणसाचा ठोसा करंगळीच्या बाजूला बसतो आणि करंगळीमागचे हाड मोडते. वैद्यकात या मोडीला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात. प्रत्यक्षात ती शिकलेल्या मुष्टियोद्ध्यांपेक्षा न शिकता, बहुधा रागात, ठोसा मारणाऱ्यांमध्ये जास्त आढळते.

स्नायू काही आठवड्यांत बळावतात. अस्थिबंध आणि हाडे महिन्यांनी. तालमीत नवख्याला पहिल्या दिवशी जोडीला सोडत नाहीत, आधी जोर-बैठका काढायला लावतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. बॅगेलाही ते लागू आहे. आधी साडेचार मीटर लांबीची पट्टी मनगट आणि पेरांभोवती गुंडाळावी, वर १२ ते १६ औंसांचे ग्लोव्ह घालावेत. पहिले दोन आठवडे दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, निम्म्या जोराने, एवढे पुरे. अंगठा मुठीच्या आत नको, बाहेर. कोपर पूर्ण ताठ होऊ न देता ठोसा संपवावा. बॅग अंगावर झुलत येत असताना तिला समोरून मारले की मनगटावरचा धक्का वाढतो. ती थांबेपर्यंत बाजूला सरकणे हाही सरावाचाच भाग.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर ते साधी मुरगळ समजून सोडू नये. तिथले लहान हाड मोडले तरी पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही आणि उपचार लांबले तर ते नीट जुळत नाही. सूज असताना हात चोळून किंवा ओढून घेण्याचा मोह टाळावा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हाडांचा ठिसूळपणा असणाऱ्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि हातापायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

हे सांभाळले तर व्यायाम म्हणून बॅग उत्तम आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. बॅगेवरचा सराव, विश्रांतीच्या साडेपाच पट ऊर्जा खर्च करणारा, याच गटात बसतो. ७० किलोचा माणूस सलग अर्धा तास करेल तर सुमारे १९० कॅलरी खर्च होतात. पाय, कंबर, पाठ, खांदे सगळे एकत्र कामाला लागतात.

एका समजाबद्दल मात्र सावध राहावे : बॅग बडवली की राग जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडवले गेले. ज्याने चिडवले त्याचा विचार करत ज्यांनी बॅगेवर ठोसे मारले, त्यांचा राग सर्वांत जास्त राहिला; जे नुसते शांत बसले, त्यांचा कमी. शिवाय रागाच्या भरात पट्टी न गुंडाळता मारलेला ठोसाच हाड मोडतो. व्यायामाला व्यायाम म्हणून भिडावे, भांडण म्हणून नाही.

महिन्यातून पाच मिनिटे

पहिल्या वापराआधी जाणकाराच्या देखरेखीखाली हुकाला बॅगेच्या दुपटीइतके वजन दिवसभर लटकवून ठेवावे. खाली गादी टाकावी आणि कोणालाही जवळ जाऊ देऊ नये. नवी चीर, सरकलेला बोल्ट दिसला तर काम पुन्हा करून घ्यावे. त्यानंतर दर महिन्याला शिडी लावून बोल्ट आवळून पाहावेत, कड्यांची झीज आणि गंज तपासावा. बॅगेखाली फरशीवर पांढरट भुकटी दिसू लागली, तर ती धूळ नव्हे. अँकरभोवतीचे काँक्रीट झिजत असल्याची ती खूण आहे. त्या दिवसापासून बॅग खाली. साखळीचा नेहमीचा आवाज बदलला, करकर वाढली, तरी तेच.

सराव संपल्यावर लहान मुले असलेल्या घरांनी बॅग काढून ठेवावी किंवा दोरीने वर, भिंतीशी बांधून ठेवावी. शॅकलची पिन काढायला अर्धे मिनिट लागते. बॅग टांगण्याच्या सगळ्या खटाटोपात हे अर्धे मिनिट सर्वांत स्वस्त आहे.